बस्त्यावकाकांचा शुक्रवार

बस्त्यावकाकांशी बोलायचं तर त्यांच्या डाव्या हाताला बसावं लागे. उजवा कान पायलिंगच्या दणक्यांनी खाल्ला होता. नवखा माणूस उजवीकडून काही सांगू लागला की ते त्याला मध्ये अडवत नसत. पुरतं बोलू देत, मान डोलावत आणि शेवटी म्हणत, "आता हेच डावीकडे येऊन सांग." दुसऱ्यांदा सांगताना त्या माणसाच्या लक्षात येई की आपण मघाशी निम्मं उगाच बोललो. म्हणून दुसरी आवृत्ती नेहमी आखूड असे. माझी पहिली आवृत्ती अशीच वाळूत गेली. मी नाशिकची, त्यात प्लॅनिंग इंजिनियर, म्हणजे एका वाक्याचं काम सहा वाक्यांत करायचं शिक्षण घेतलेली. काकांपुढे मी हळूहळू तीन वाक्यांवर आले. त्याहून खाली मला जमलं नाही.

बस्त्यावकाका लोपीस वसईचे. दोह्यात ते पायलिंग फोरमन होते. इमारत वर चढण्याआधी तिचे पाय जमिनीत उतरवायचे, हे त्यांचं काम. वेस्ट बेमधून जाताना सगळे मान वर करून टॉवर बघतात, काका गाडीच्या खिडकीतून फुटपाथ बघत. "ह्याच्याखाली मी आहे," असं एखाद्या चकचकीत बँकेकडे बोट दाखवून म्हणत. "वरचं सगळं मालकाचं, खालचं माझं." आमचं ऑफिस ज्या टॉवरात, त्याच्याखालीही तेच निघाले. हे कळल्यापासून लिफ्टमध्ये शिरताना मला उगाच त्यांच्या डोक्यावर पाय ठेवल्यासारखं वाटे. मी तसं त्यांना सांगितलं तर म्हणाले, ठेव गो बाय, त्यासाठीच घातलाय तो खांब.

आले तेव्हा ते दोह्याच्या नजमा वस्तीत एका खोलीत पाचसहा जणांबरोबर राहिले. मग बढती झाली, मोठं घर मिळालं, रोझीकाकी आणि मुली आल्या. मुली शिकल्या, लग्नं झाली, रोझीकाकी वसईला वाडी सांभाळायला परत गेली, आणि काका पुन्हा नजम्यात. ह्या खेपेला खोली एकट्याची होती, एवढाच फरक. खाली कॅफेटेरिया, शेजारी न्हावी, समोर बसस्टॉप. रस्त्यावर दिवसभर हॉर्न आणि रात्री गप्पांचे अड्डे. तिथे कशी झोप लागते, असं कुणी विचारलं तर म्हणत, उजवा कान वर करून झोपतो.

ह्या माणसाला आवाजाचा राग असेल असं वाटेल. तो मुळीच नव्हता. आवाजाने त्यांना पगार दिला, मुलींची शिक्षणं केली. रिगचा, म्हणजे खांब घालायच्या यंत्राचा, दणका त्यांना ओळखीचा वाटे. पाईल, म्हणजे तो जमिनीतला खांब, तयार झाली की तिच्या डोक्यावर हातोडीची टिचकी मारून ती सलग आहे का ते तपासतात. त्याचं यंत्र असतं, पडद्यावर रेघ उमटते, त्यावर सह्या होतात. काका यंत्र चालू असतानाही शेजारी उकिडवे बसून तळवा टेकवत. यंत्राचं यंत्राला, माझं मला, असं त्यांचं म्हणणं. सलग असली तर अख्खी वाजते, मध्ये फट असली तर अर्धीच वाजते. हाच निकष ते माणसांनाही लावत. कुणाचं बोलणं मनापासून नसलं की काका हलकेच पुटपुटत, "अर्धाच वाजला हो." एकदा आमच्या टेकड्या चढणाऱ्या मंडळाच्या वार्षिक सभेला ते पाहुणे म्हणून आले, तेव्हा माझ्या आभारप्रदर्शनानंतर त्यांनी हे शब्द उच्चारले, आणि ते खरंच होतं.

वाळवंटात ते कसे शिरले, तर एका सुदानी सर्व्हेयरमुळे. काम बंद असलेल्या एका थंडीतल्या शुक्रवारी तो काकांना दोह्याच्या नैर्ऋत्येला घेऊन गेला. तिथे चंद्रकोरीसारख्या वाळूच्या टेकड्या आहेत. त्यांतल्या काही वाजतात. हे खरंच आहे, मी गंमत करत नाही. हवा कोरडी असली, वाळू वाळलेली असली आणि माणूस माथ्यावरून उतारावर बसून घसरत खाली आला की त्याच्याखाली सरकणारी वाळू घुमायला लागते. लांबून विमान येत असावं तसा तो आवाज. थोडी माणसं घसरली तर गुणगुण, जास्त घसरली तर घुमारा. पाऊस पडला, दव पडलं की टेकडी मुकी. शेजारी इंजिन चालू असलं तरी मुकीच, कारण मग तिचा आवाज कुणाला ऐकू येणार?

सर्व्हेयर घसरला आणि काकांना पायाखालून तो घुमारा आला. त्यांचं म्हणणं असं की आयुष्यभर जमिनीला आपण ठोकत आलो, ती आपल्याशी बोलली ती त्या दिवशी. पुढच्या शुक्रवारी ते दोन वसईकरांना घेऊन गेले. मग दहा झाले. अशी 'निवांत' नावाची संस्था सुरू झाली. बहुतेक दवाखान्यातल्या नर्सेस आणि ऑफिसांतले लोक, सगळे वसई-मुंबईचे. नियम थोडे होते. गाडी डांबरी रस्त्याला ठेवायची, पुढे पायी. फोन बंद. दव वाळेपर्यंत टेकडीच्या पायथ्याशी बसायचं आणि बसायचं म्हणजे गप्प बसायचं. चर्चमधली शुक्रवारची मिस्सा सकाळची सोडून संध्याकाळची धरायची.

आता वीसपंचवीस मराठी माणसं तासभर गप्प बसवायची कशी? काकांकडे त्याचं औषध होतं. त्यांच्या खांद्यावर कापडी पिशवी असे. तिच्यात थर्मासभर बिनदुधाचा सुलेमानी चहा, घडीचं स्टूल, आणि वसईची सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, केळीच्या वाळक्या पानात बांधलेली. वसईहून जो कुणी दोह्याला येई त्याच्या बॅगेत रोझीकाकी एक पुडा कोंबत असे. सुकेळी गोड असते आणि चिवट असते. एकदा तोंडात गेली की बराच वेळ माणूस दुसरं काही करू शकत नाही. काका पायथ्याशी प्रत्येकाच्या हातावर एक तुकडा ठेवत आणि म्हणत, "चावा. घाई नाही."

आमची आणि त्यांची गाठ पडली ती ह्याच टेकडीवर. आमचं मंडळ म्हणजे 'रानपावलं'. पुण्याचे, नाशिकचे, तेल आणि गॅसमधले लोक, तिकडे गडकोट पालथे घातलेले आणि इकडे सपाट देशात येऊन पडलेले. जी दिसेल ती टेकडी चढायची, इतकाच आमचा कार्यक्रम. अध्यक्ष श्रीकांत आपटे. गॅस कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, घर द पर्लला, श्रीमंतांच्या बेटावर, उंचीला सहा फूट आणि आवाजाला त्याहून जास्त. सचिव मी, कारण इतिवृत्त लिहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. गडाच्या माथ्यावर पोचल्यावर देतात तशी गारद आपटेसर त्या टेकडीच्या माथ्यावर देत, आणि आम्ही सगळे मागून जयजयकार करत असू. आम्हाला वाटे, इथे ऐकायला आहेच कोण?

पहिल्या भेटीच्या त्या दिवशी पलीकडच्या उताराच्या पायथ्याशी बसलेले पंचवीस वसईकर होते. तोंडात सुकेळी असल्याने त्यांतलं कुणी काही बोललं नाही. काका मात्र उठले, वाळूत पाय रोवत वर आले आणि आपटेसरांसमोर उभे राहिले. मला वाटलं आता वादावादी होणार. काकांनी विचारलं, "झालं का साहेब तुमचं? मग आता हिला बोलू द्या." आणि बुडाखाली हात घेऊन ते सरळ घसरले. आमच्या पायाखालून घूं असा आवाज निघाला. माझी मुलगी, जिला मराठी सगळं कळतं पण जी उत्तर मराठीत देत नाही, माझा हात धरून म्हणाली, "आई, इट्स लाइक अ प्लेन." पुढच्या शुक्रवारीही आपटेसरांनी गारद दिलीच, पण ती देण्याआधी चारी बाजूंना बघून घेतलं.

अशी दोन मंडळं एका टेकडीवर दोनतीन हिवाळे नांदली. नांदली म्हणजे जावाजावांसारखी. एकमेकांना चहा देत आणि पाठीमागे एकमेकांचे नियम काढत. आमचे लोक म्हणत, ते वसईकर स्वतःला फार शांत समजतात, आणि नाताळच्या आठवड्यात गिटार घेऊन कॅरल गातात ते काय? ते म्हणत, हे पुणेकर टेकडीवर चढतात की निवडणूक जिंकतात? दोघांचंही खरं होतं. आपला तो सूर आणि दुसऱ्याचा तो कालवा, हे तर आपल्याकडे चालत आलेलं आहे.

मग एका हिवाळ्याच्या सुरुवातीला वाळूत पळवायच्या चारचाकी क्वाड बाइक आल्या. भाड्याने देणाऱ्या एका माणसाने टेकडीच्या पायथ्याशीच तंबू ठोकला, जनरेटर लावला, स्पीकर लावला. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर वाळवंटात गर्दी होते हे आम्हाला माहीत होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. वाळवंट काही आमच्या वाडवडिलांचं नव्हे. पण सकाळच्या त्या तीनचार तासांत आजवर कुणी येत नसे, आणि आता पहाट उजाडायच्या आत बाइक उतारावर चढायला लागल्या. चाकांनी उतार उकरला गेला. वाजणं तर बाजूलाच, टेकडीचा आकारच बदलायला लागला.

काका त्या महिन्यात पहिल्यांदा मला अस्वस्थ दिसले. त्यांची साठी उलटली होती आणि कंपनीने मार्चअखेरपर्यंतच ठेवायचं ठरवलं होतं. त्यातून डावा कानही उतरणीला लागला होता. डॉक्टरने कानाची मशिनं दिली, ती काका खिशात ठेवत, कारण वाळवंटात त्यांच्यात नुसता वारा भरतो. एवढं सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं, नजम्याच्या कॅफेटेरियात, कडक चहाचा कप पुढे ठेवून. मग म्हणाले, माझ्या कानाचं काय, तो जायचाच. पण बाय, मी जायच्या आत त्या टेकडीचं काहीतरी पक्कं झालं पाहिजे. नाहीतर मी गेलो आणि ती गेली, असं होईल.

शुक्रवारी सकाळी टेकडीपाशी गाड्यांना बंदी घाला, असा अर्ज त्यांनी 'निवांत'तर्फे पर्यावरण खात्याकडे केला. त्याच आठवड्यात आपटेसरांनी 'रानपावलं'तर्फे अर्ज केला. मी तो टाइप केला होता, म्हणून सांगते, सुंदर अर्ज होता. त्या खात्याच्या एका कतारी अधिकाऱ्यांनी काका, आपटेसर आणि मी अशा आम्हा तिघांना बोलावलं. अतिशय सभ्य माणूस. गावा म्हणजे अरबी कॉफी पाजली, खजूर दिले, आणि दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवून विचारलं की तुम्ही एकाच देशाचे, एकच भाषा बोलता, एकच टेकडी मागता, मग अर्ज दोन का? आम्ही तिघांनी खजूर खाल्ले. ते म्हणाले, एक टेकडी, एक मंडळ, जबाबदार असा एक माणूस. तेवढं करून या, मग शुक्रवारच्या सकाळी गाड्यांना अडसर घालायचं बघू, इन्शाल्ला. बाहेर पडताना काका म्हणाले, माणूस अख्खा वाजला हो.

म्हणजे आता एकत्र येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ज्यांनी मराठी मंडळं पाहिली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको, पण सांगते. संयुक्त सभा आपटेसरांच्या द पर्लच्या घरी भरली. दिवाणखान्यात 'रानपावलं', बाल्कनीच्या बाजूला 'निवांत', मधल्या टीपॉयवर बाकरवडी आणि केक. पहिला विषय नाव. 'रानपावलं-निवांत' की 'निवांत-रानपावलं' ह्यावर चहा गार झाला. कुणीतरी 'निवांत पावलं' सुचवलं, त्यावर एक गृहस्थ म्हणाले की ते अंत्ययात्रेचं वाटतं. दुसरा विषय घटना. तिसरा विषय अध्यक्ष एका मंडळाचा तर खजिनदार कुठल्या मंडळाचा. उपसमितीसुद्धा सुचवून झाली. शांततेसाठी झगडणाऱ्या दोन संस्थांची ती सभा इतकी चढली की शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनी बेल वाजवून, सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारलं.

आणि मग खरा विषय निघाला. 'निवांत'मधल्या एका नर्सबाईंनी म्हटलं की एकत्र यायचं तर माथ्यावरची गारद बंद. आमच्याकडून उत्तर गेलं की मग गिटारही बंद. ह्यावर एकदम सगळेच बोलू लागले. आपटेसरांनी हात वर केला आणि, एरवी कधी बोलत नाहीत तसे, हळू बोलले. त्यांचे वडील त्यांना लहानपणी खांद्यावर घेऊन गड चढले होते. माथ्यावर वडिलांनी दिलेली गारद हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं आठवतं ते. आता वडील नाहीत. "मी तिथे ओरडतो ना," आपटेसर म्हणाले, "तेव्हा तो माझा आवाज नसतो. आणि तो बंद करा म्हणताय तुम्ही."

अशा वेळी कुणीतरी काहीतरी चुकीचं बोलतं आणि सगळं मोडतं. तोंडं उघडायला लागलीच होती. काका बाल्कनीच्या दाराशी स्टूल टाकून बसले होते. त्यांना किती ऐकू आलं होतं कोण जाणे. ते उठले, पिशवीतून पुडा काढला आणि एकेकाच्या हातावर सुकेळीचा तुकडा ठेवत दिवाणखानाभर फिरले. आपटेसरांना दिला, नर्सबाईंना दिला, मला दिला, उपसमितीवाल्यांना जरा मोठा दिला. वडीलधाऱ्या माणसाने हातावर काही ठेवलं तर नको म्हणायची आपल्याकडे रीत नाही. सगळ्यांनी तोंडात टाकलं आणि सगळे चावू लागले.

तोंडं अशी गुंतल्यावर काका मधोमध उभे राहून बोलले. आवाज न चढवता.

"आपटेसाहेब, तुमची गारद खोटी नाही. ती अख्खी वाजते, मी ऐकलीय. आमचं गाणंही खोटं नाही. पण गडाला दगड आहेत, त्याला ओरडलेलं सोसतं. ही वाळू लाजरी आहे, दुसरं कुणी बोललं की ही बोलत नाही. तुम्ही गारद द्या, गाडीपाशी द्या, निघायच्या आधी. आम्ही प्रार्थना करू, तीही गाडीपाशी. गिटार गाडीतच राहील. तिथून पुढे कुणाचंच काही नाही. मार्चला माझं खलास आहे. त्याच्या आत मला ती टेकडी कुणाच्या तरी हातात द्यायचीय. दोघांच्या हातात अर्धी अर्धी दिली तर ती कुणाच्याच हातात राहणार नाही."

सगळे चावतच होते. बोलणं शक्यही नव्हतं. मी आजवर पुष्कळ सभांची इतिवृत्तं लिहिली, पण सभेने एखाद्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतल्याची नोंद मला त्याच दिवशी करता आली.

सगळ्यांत आधी सुकेळी संपली ती आपटेसरांची. ते एवढंच म्हणाले, "गाडीपाशी चालेल." मग नावाचाही प्रश्न सुटला. नर्सबाई म्हणाल्या की आम्ही तर मंडळाचं नाव कधी घेतच नाही, 'शुक्रवारला येणार का?' असंच विचारतो. आमच्याकडेही तसंच विचारत. मंडळाचं नाव 'शुक्रवार' ठरलं, आणि त्यावर, मला अजून नवल वाटतं, एकही हरकत आली नाही.

राहिला जबाबदार माणूस. सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. निदान मार्चपर्यंत तुम्ही, पुढचं पुढे, असं सगळ्यांचं मत होतं. काकांनी मान हलवली आणि बोट आपटेसरांकडे केलं.

इथे काकांच्या साइटवरची एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या हाताखाली एक रिग चालवणारा होता, पंजाबी, कामात वाघ, पण डोक्यावर हेल्मेट घालायचा नाही. दंड झाला, ताकीद झाली, उपयोग शून्य. काकांनी त्याला काढलं नाही. सगळ्या साइटच्या हेल्मेटांवर त्यालाच मुकादम नेमला. पहिले दोन दिवस तो लाजत फिरला, तिसऱ्या दिवसापासून कुणाची टाळू उघडी दिसली की अंगावर धावून जाई, आणि स्वतः म्हणे जेवतानाही हेल्मेट काढत नसे. जो नियम मोडतो त्यालाच तो नियम किती जड आहे ते ठाऊक असतं, असं काका म्हणत. राखण करायला तोच बरा.

आपटेसरांना ती गोष्ट ठाऊक नव्हती. ते गोंधळले. "मी? काका, इथे माझ्याएवढा आवाज कुणाचा आहे का?"

"म्हणून तर," काका म्हणाले. "तुम्ही गप्प बसलात की बाकीचे आपोआप बसतात."

अर्ज एक झाला. त्यावर आपटेसरांचं नाव आणि त्यांचा फोन. क्वाडवाल्याकडे मात्र काका स्वतः गेले, अर्थात पुडा घेऊन. त्याच्याशी काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, पण तो पलीकडच्या, न वाजणाऱ्या टेकड्यांकडे सरकायला राजी झाला, आणि जाताना आणखी एक पुडा मागून घेतला. खात्याने रस्त्यापासून थोड्या अंतरावर पिंपं उभी केली आणि अरबी-इंग्रजीत पाटी लावली की शुक्रवारी सकाळी इथून पुढे पायी जावे. मी त्या पाटीचा फोटो काढून रोझीकाकीला पाठवला. तिचं उत्तर आलं, बरं झालं, आता तरी घरी या म्हणावं.

काका निघायच्या आधीचा शेवटचा, आणि पिंपं लागल्यानंतरचा पहिलाच, शुक्रवार आला. त्या आठवड्यात नेमका पाऊस झाला होता. दोह्याचा पाऊस म्हणजे दोन सरी, पण टेकडीला तेवढ्या पुरतात. दोन दिवस कडक ऊन पडलं तरी आम्ही धास्तावलेलेच होतो. काकांना मुकी टेकडी दाखवून परत पाठवायचं म्हणजे काय?

गाडीपाशी आपटेसरांनी गारद दिली. अशी दिली की पिंपं हलली असावीत. मग नर्सबाईंनी प्रार्थना म्हटली, आणि आम्हीही हात जोडून उभे राहिलो. नंतर सगळे निघाले, पुढे आपटेसर, आणि पिंपं ओलांडली तशी त्यांनी ओठांवर बोट ठेवलं ते माथ्यापर्यंत काढलं नाही. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. हा माणूस गेली कित्येक वर्षं टेकडी मुक्याने चढला नव्हता.

काका वर आले नाहीत. पायथ्याशीच स्टूल टाकून बसले. दव वाळायची वाट बघत आम्ही माथ्यावर ओळीने बसलो. वसईकर, पुणेकर, नाशिककर, मुलंबाळं, सगळे मिसळून. इतकी माणसं त्या माथ्यावर एका वेळी कधीच बसली नव्हती. आजवर निम्मी माथ्यावर असली की निम्मी पायथ्याशी असत. ऊन चढलं. माझ्या तोंडातली सुकेळी संपली आणि मला काही बोलावंसं वाटलं नाही, ह्याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं.

आपटेसरांनी हात वर केला आणि खाली सोडला. आम्ही सगळे एकदम घसरलो.

आधी काहीच नाही, नुसती वाळूची सरसर. मग खालून, फार खालून, घुमारा उठला. एका मंडळाने घसरल्यावर जी गुणगुण होई तिच्याशी ह्याचं काही नातं नव्हतं. दात थरथरले, छाती थरथरली, अख्खा उतार आमच्यासकट बोलत खाली आला. आम्ही थांबलो तरी टेकडी थांबेना. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती, तोंड उघडं, पण ह्या वेळी विमानाचं नाव तिने काढलं नाही.

मी काकांकडे पाहिलं. ते स्टुलावरून उतरून वाळूत गुडघ्यांवर बसले होते. दोन्ही तळवे जमिनीवर टेकलेले, डोळे मिटलेले, मान जरा कललेली. पाईलशेजारी ते असेच बसत असणार. त्या दिवशी मुद्दाम घातलेली मशिनंही स्टुलावर काढून ठेवली होती. त्यांनी तो घुमारा डाव्या कानाने ऐकला की तळव्यांनी, हे मी कधी विचारलं नाही. पण त्यांचा चेहरा मी पाहिला.

घुमारा निवला. पन्नास माणसं वाळूत पाय पसरून बसली होती.

काकांनी डोळे उघडले, तळवे झटकले आणि कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "अख्खी वाजली."

आपटेसर उठले, वाळू तुडवत त्यांच्याकडे गेले आणि शेजारी बसले. उजव्या बाजूला बसले. काकांनी त्यांना डावीकडे या म्हटलं नाही. पिशवीत हात घालून उरलेली शेवटची सुकेळी काढली, मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली, आणि दोघे टेकडीकडे बघत चावत बसले.